'मलबार प्रिन्सेस' माँ ब्लाँवर का आदळलं? उंचीपेक्षा जागेचा प्रश्न

प्रश्न असा आला आहे: "३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळलं. वैमानिकाने शेवटच्या संदेशात उंची ४,७०० मीटर सांगितली होती. शिखर ४,८०७ मीटर. म्हणजे १०७ मीटर कमी पडले. मग उंचीमापक चुकला होता की वैमानिक? आणि १९६६ मध्ये एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे विमानही त्याच डोंगरावर गेलं, हा निव्वळ योगायोग कसा?"

प्रश्न चांगला आहे, पण त्यातला १०७ हा आकडा बाजूला ठेवल्याशिवाय उत्तराकडे जाता येत नाही. ४,८०७ मधून ४,७०० वजा केले की वाटतं, विमान योग्य वाटेवर होतं आणि थोडं खाली राहिलं. तसं नव्हतं. ते विमान माँ ब्लाँ ओलांडायला निघालेलंच नव्हतं. वैमानिकाच्या समजुतीप्रमाणे त्या वेळी माँ ब्लाँ त्याच्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब होतं. त्यामुळे तो डोंगरापेक्षा किती खाली होता याआधी तो तिथे कसा पोचला हे विचारायला हवं.

विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन होतं, चार पिस्टन इंजिनांचं, दाबानुकूलित केबिनचं. जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती याच विमानाने. त्या दिवशी मुंबईहून कैरो, तिथून जिनेव्हा आणि मग लंडन असा मार्ग होता. विमानात ४८ जण होते: ४० प्रवासी, ८ कर्मचारी. प्रवाशांपैकी बहुतेक भारतीय खलाशी, इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले. कोणीही वाचलं नाही. वादळी हवेत शोधासाठी वर चढणारे, माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी गावचे गाईड रेने पायो हेही त्या मोहिमेत मरण पावले. अशा अपघाताचा हिशेब मांडताना या ४९ माणसांचा विसर पडू नये, म्हणून हे आधी लिहिलं.

आता हिशेब. शेवटचा संदेश साधारण असा होता की आम्ही व्वारोंच्या वर आहोत, उंची ४,७०० मीटर. व्वारों हे फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहराच्या वायव्येला असलेलं गाव. नकाशा उघडा आणि तीन ठिपके मांडा: व्वारों, जिनेव्हाचा विमानतळ आणि माँ ब्लाँ. व्वारोंपासून जिनेव्हा सुमारे १०५ किलोमीटर, दिशा साधारण २३ अंश, म्हणजे उत्तर-ईशान्य. व्वारोंपासून माँ ब्लाँ सुमारे ११० किलोमीटर, दिशा साधारण ६३ अंश, म्हणजे जवळजवळ पूर्व-ईशान्य. अंतरं सारखीच आहेत, पण दोन रेषांमध्ये ४० अंशांचा कोन आहे.

मी या कोनापाशी सगळ्यात जास्त थांबतो. समजा विमान खरोखर व्वारोंवर होतं आणि तिथून जिनेव्हाकडे तोंड करून निघालं. वाऱ्याने त्याला ४० अंश उजवीकडे ढकलून माँ ब्लाँवर नेलं असं म्हणायचं असेल तर केवढा वारा लागेल? विमानाचा हवेतला वेग ४०० किलोमीटर धरा. वारा सगळ्यात अनुकूल कोनातून आला तरी ४०० गुणिले ४० अंशांचं साइन, म्हणजे तासाला किमान २५५ किलोमीटर. सरळ पश्चिमेचा वारा धरला तर आकडा साडेपाचशेच्या वर जातो. साडेचार हजार मीटरवर आल्प्सच्या वादळात ताशी १०० किलोमीटरचा वारा सहज मिळतो, पण हे आकडे त्या उंचीवर बसत नाहीत. म्हणून माझं मत असं की "व्वारोंच्या वर" ही जागाच बहुधा चुकीची होती. विमान त्या क्षणी आधीच पूर्वेला, बरंच पूर्वेला सरकलेलं असणार. हा माझा भूमितीचा हिशेब आहे, चौकशीचा निष्कर्ष म्हणून वाचू नका. मधल्या काळात विमानाने दिशा बदलली असेल तर हिशेब बदलतो. पण वाऱ्याने शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये एकाएकी उडवून नेलं ही जी लोकप्रिय मांडणी आहे, ती या त्रिकोणात टिकत नाही.

उंचीमापकाकडे येऊ, कारण तुमचा मुख्य संशय त्याच्यावर आहे. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि ठरलेल्या प्रमाणित वातावरणाच्या कोष्टकातून तो उंचीच्या आकड्यात दाखवतो. त्यामुळे तो तीन कारणांनी फसवू शकतो.

पहिलं कारण दाबाची सेटिंग. मोठ्या उंचीवर सगळे १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाणित दाबावर काटा लावतात. खाली वादळी कमी दाब असेल, समजा ९९०, तर फरक २३ हेक्टोपास्कल. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरले तर ६२० फूट, म्हणजे १९० मीटर. विमान काट्यापेक्षा तेवढं खाली असतं. दुसरं कारण थंडी. थंड हवा आकसलेली, दाट असते. तिच्यात दाबाचे थर एकमेकांच्या जवळ येतात. दर १० अंश जादा थंडीला ४ टक्के हा आमचा ढोबळ नियम. प्रमाणित तापमानापेक्षा हवा १० अंश थंड असेल आणि दाब कळवणाऱ्या तळापासून तुम्ही ४,३०० मीटर वर असाल तर खरी उंची सुमारे १७० मीटर कमी. तिसरं कारण डोंगर स्वतः. कड्यावरून जोराचा वारा वेगाने जातो तिथे दाब आणखी उतरतो आणि काटा शेकडो फूट जास्त दाखवू शकतो. तिन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत: थंड, वादळी, डोंगराळ हवेत काटा नेहमी तुम्हाला आहात त्यापेक्षा वर दाखवतो.

म्हणजे संशय रास्तच आहे. पण या घटनेत एक आकडा काट्याच्या बाजूने साक्ष देतो. अवशेष सापडले ते तुर्नेत खडकांपाशी, सुमारे ४,६७७ मीटरवर. कळवलेली उंची ४,७००. फरक २३ मीटर. संदेशानंतर विमान त्याच पातळीवर राहिलं असं धरलं तर काटा बऱ्यापैकी खरं सांगत होता. तो १९० मीटरनी फसवत असता तर विमान ४,५१० च्या आसपास आदळलं असतं. अर्थात मधल्या वेळात डोंगरावरच्या वर-खाली प्रवाहांनी विमान हललं असू शकतं, त्यामुळे २३ मीटर या आकड्यावर फार भार टाकू नये. पण उंचीमापकाने घात केला म्हणायला हा पुरावा नाही, उलट थोडा विरुद्धच आहे. (शिखराच्या माथ्यावर बर्फाची टोपी आहे, ती जाड-पातळ होते. म्हणून कुठे ४,८०७ तर कुठे ४,८१० वाचायला मिळतं. त्या तीन मीटरवरून वाद घालण्यात अर्थ नाही.)

व्वारोंवर ४,७०० मीटर ही उंची चुकीची होती का? नाही. व्वारोंच्या शेजारची शार्त्रूझ डोंगररांग जेमतेम २,०८२ मीटरपर्यंत जाते. तिच्यावर अडीच हजार मीटरहून जास्त मोकळी हवा होती. जिनेव्हाचा विमानतळ ४३० मीटरवर आहे, म्हणजे तिथे उतरायला ४,२७० मीटर, सुमारे १४,००० फूट खाली यायचं. पिस्टन इंजिनांच्या विमानात हे सावकाश करावं लागतं. एकदम ताकद कमी केली तर तापलेले सिलिंडर झपाट्याने थंड होऊन तडकतात, शिवाय प्रवाशांचे कान दुखतात. मिनिटाला ५०० फूट धरले तर २८ मिनिटं, आणि ४०० किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात १८५ किलोमीटर पार होतात. म्हणजे व्वारोंला ४,७०० वर असणारा वैमानिक उतरण्याच्या हिशेबाने वरच होता, खाली नव्हता. नेमकं म्हणूनच हे प्रकरण शिकवण्यासारखं आहे: तो जिथे आहे असं समजत होता तिथे त्याची उंची निर्दोष होती, आणि जिथे खरोखर होता तिथे ती प्राणघातक होती.

इथवर काय हाती लागलं? काटा बहुधा ठीक होता, उंची मनातल्या जागेसाठी ठीक होती, बिघडली ती जागा. आता जागा कशी बिघडते ते सविस्तर पाहू, कारण हवामानाचं काम तिथे चालतं.

१९५० मध्ये समुद्र ओलांडून येणाऱ्या विमानात नॅव्हिगेटर बसायचा. त्याच्याकडे चार साधनं असत. खाली दिसणारी खूण, वर दिसणारा सूर्य किंवा तारा आणि त्याची क्षितिजापासूनची उंची मोजणारा सेक्स्टंट, जमिनीवरच्या बीकनकडे, म्हणजे रेडिओ संकेत सोडणाऱ्या केंद्राकडे काटा रोखणारा रेडिओ कंपास, आणि उरलेल्या सगळ्या वेळी डेड रेकनिंग, म्हणजे दिशा, वेग, वेळ आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन कागदावर काढलेली जागा. वर-खाली ढग असले की पहिली दोन साधनं जातात. खालचा पृष्ठभाग दिसत नसला की ड्रिफ्ट मोजता येत नाही, म्हणजे वारा किती वाहून नेतोय हे मोजण्याचं साधनही जातं. उरतो तो सकाळी उड्डाणापूर्वी हातात दिलेला वाऱ्याचा अंदाज.

आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी ५० किलोमीटर होता आणि प्रत्यक्षात तो १०० निघाला असं धरा. तासाभरात विमान ५० किलोमीटर बाजूला गेलं. नाक योग्य दिशेला, वेग योग्य, घड्याळ योग्य, आणि विमान दुसऱ्या खोऱ्यावर. विमानात बसलेल्याला हे अजिबात जाणवत नाही, कारण विमान हवेच्या आत असतं आणि ती सगळी हवाच सरकत असते. नदी ओलांडणाऱ्या होडीला निदान समोरचा काठ दिसतो. ढगात काठ नाही. आम्ही साठास एक हा नियम वापरतो: ट्रॅक, म्हणजे जमिनीवरची प्रत्यक्ष वाट, एका अंशाने चुकला तर ६० मैलांत एक मैल बाजूला. १० अंशांचं ड्रिफ्ट नजरेतून सुटलं तर ३०० मैलांत ५० मैल. जिनेव्हा विमानतळापासून माँ ब्लाँ फक्त ४० सागरी मैलांवर, म्हणजे ७४ किलोमीटरवर आहे. समुद्रावरून आलेल्या विमानाच्या चुकीत हे अंतर सहज मावतं.

अशा वेळी आधार उरतो रेडिओ कंपासचा, आणि नेमक्या या हवेत तोही डगमगतो. मध्यम लहरींचे बीकन डोंगरांवरून परावर्तित होतात, काटा काही अंश बाजूला ओढला जातो. कोरड्या हिमकणांतून उडताना विमानाच्या अंगावर विद्युतभार साठतो, हेडफोनमध्ये खरखर भरते आणि काटा भरकटू लागतो. वीज चमकली की तो क्षणभर विजेकडे वळतो. बीकनवरून पार झाल्याची खूण म्हणजे काटा पुढून मागे फिरणं. खरखरीत तो नुसता हेलकावा घेऊनही फिरतो. थकलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळेच्या आसपास काटा फिरलेला दिसला की वाटतं, आलं. त्या क्षणी चुकीच्या जागेला खात्रीचा शिक्का बसतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या ठिपक्यापासून सुरू होतो.

म्हणून बीकनवरून गेल्याचं मानण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात. काटा मागे फिरून किमान अर्धा मिनिट मागेच राहिला का. बीकनची मोर्स ओळख कानाने ऐकली का, नुसती फ्रिक्वेन्सी लावून थांबलो नाही ना. आणि जवळपास काटकोनात असलेल्या दुसऱ्या बीकनची दिशा त्याच वेळी जुळते का. तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि घाईत सगळ्यात आधी गळणारी. 'मलबार प्रिन्सेस'मध्ये यापैकी काय झालं, हे त्या कॉकपिटमधले लोकच सांगू शकले असते. त्या काळी विमानात फ्लाइट रेकॉर्डर नसे, आणि अवशेष बोसाँ हिमनदीच्या बर्फात गेले. ती हिमनदी शिखराकडून शामोनीच्या खोऱ्यात उतरते आणि वर पडलेलं सामान काही दशकांनी खाली सोडते. आजही तिच्या टोकाशी दोन्ही विमानांचे तुकडे मिळतात. २०२० मध्ये तिथे जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, त्यांवर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न: त्याच डोंगरावर दुसरं विमान का?

इथे पुन्हा नकाशा आणि गुणाकार. विमान सहज उतरायला दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल हा जेटचा ढोबळ नियम. जिनेव्हापासून ४० सागरी मैलांवर, म्हणजे नेमकं माँ ब्लाँवर, सोयीची उंची किती निघते? ४० भागिले ३, म्हणजे १३,३०० फूट, अधिक विमानतळाची उंची १,४०० फूट. एकूण १४,७०० फूट, म्हणजे ४,४८० मीटर. शिखर १५,७७० फूट. आग्नेयेकडून सरळ जिनेव्हावर येणाऱ्या जेटची सहज उतरणीची रेषा शिखराच्या हजारभर फूट खालून, डोंगराच्या पोटातून जाते! शिखर सुरक्षित ओलांडून मग उतरायचं तर उतरण नेहमीपेक्षा उभी करावी लागते किंवा फेरा मारावा लागतो. साहजिकच शिखर मागे पडलं की लगेच खाली या, अशी ओढ प्रत्येक कॉकपिटमध्ये असते, आणि सगळा भार "शिखर मागे पडलं का?" या एका प्रश्नावर येतो. पश्चिम युरोपातलं सर्वात उंच शिखर मोठ्या विमानतळापासून ७४ किलोमीटरवर आणि तेही भारताकडून येणाऱ्या वाटेवर. योगायोग म्हणायला यात फारशी जागा उरत नाही.

२४ जानेवारी १९६६ ला त्या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं. बोइंग ७०७ 'कांचनजंगा', मुंबई, दिल्ली, बेरूत, मग जिनेव्हा. ११७ जण, त्यांत डॉ. होमी भाभा. बेरूतहून निघतानाच विमानाच्या दोन व्हीओआर रिसीव्हरपैकी एक बंद होता. व्हीओआर तुम्हाला एका केंद्रापासूनची दिशा देतो, म्हणजे एक रेषा. जागा ठरवायला दोन रेषा छेदाव्या लागतात. एकच रिसीव्हर असेल तर एका केंद्राची रेषा घ्या, मग दुसरं केंद्र लावा, ओळख ऐका, दुसरी रेषा घ्या. तोवर जेट कित्येक मैल पुढे गेलेलं असतं. वैमानिकाने अंदाजाने कळवलं की आपण माँ ब्लाँच्या बाजूला पोचलो आहोत. जिनेव्हाच्या कंट्रोलरला रडारवर खरी जागा दिसत होती. त्याने माँ ब्लाँला अजून पाच मैल आहेत असं कळवलं. चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा की ही दुरुस्ती पुरेशा नेमक्या शब्दांत दिली गेली नाही, वैमानिकाने तिचा उलटा अर्थ घेतला आणि शिखराकडची धार ओलांडली असं समजून तो उतरत राहिला. विमान सुमारे ४,७५० मीटरवर धडकलं.

या अपघाताबद्दल घातपाताच्या कहाण्या खूप फिरतात. भाभांसारखा माणूस गेल्यावर लोकांना साधं कारण पटत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण बंद रिसीव्हर, अंदाजाने सांगितलेली जागा, अर्धवट शब्दांत आलेली दुरुस्ती आणि हिवाळ्यातल्या ढगात लपलेला डोंगर, एवढं पुरतं. सोळा वर्षांत रडार आलं, जेट आलं, व्हीओआर आला, तरी जागेबद्दलची चूक तीच राहिली. फरक इतकाच की १९५० मध्ये खरी जागा कोणालाच माहीत नव्हती, १९६६ मध्ये जमिनीवरच्या एका माणसाला माहीत होती.

हे फक्त आल्प्सचं दुखणं आहे असंही नाही. जुलै १९६२ मध्ये बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ रात्री जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर होती. चौकशीत आलेलं कारण वाचलं की अंगावर काटा येतो, इतकं ते ओळखीचं आहे: आपण विमानतळाच्या जास्त जवळ आलो असा चुकीचा समज, त्यामुळे वेळेआधी उतरण, ठरलेली किमान उंची मोडणं, भूप्रदेशाची ओळख नसणं. सह्याद्री आल्प्ससमोर ठेंगणा आहे, पण नियम तोच. ईशान्येकडून मुंबईला येताना कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तिच्यावर २,००० फूट मोकळे ठेवले तर ७,४०० फूट. घाट मागे टाकल्याची खात्री होईपर्यंत याखाली यायचं नाही, मग मुंबईचे दिवे कितीही जवळ असल्यासारखे वाटोत.

हे २,००० फूट कुठून आले? आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की डोंगराळ भागात, अंदाजित जागेपासून ८ किलोमीटरच्या आतल्या सर्वात उंच अडथळ्यावर किमान ६०० मीटर ठेवा. इतरत्र ३०० मीटर. वर मांडलेल्या तीन चुका आठवा. कडक थंडीत, समजा हवा २० अंश जादा थंड असताना, माँ ब्लाँच्या पातळीवर थंडीचीच चूक हजार-बाराशे फूट होते. कड्यावरच्या वाऱ्याचे काही शेकडो फूट मिळवा. ६०० मीटर जवळजवळ संपले. ती उधळपट्टी नाही, चुकांसाठी आधीच कापून ठेवलेली रक्कम आहे. म्हणून "१०७ मीटर वर असते तर" हे म्हणणं कागदावरच बरोबर. ४,८१० मीटरवरून ढगात, वादळात, त्या शिखरावरून जाणारं विमान वाचलं असतं तर ते नशिबाने.

पण नियमातल्या "अंदाजित जागा" या दोन शब्दांमध्येच तर सगळी भानगड आहे. अंदाज शंभर किलोमीटर चुकला तर ८ किलोमीटरचा पट्टा काय कामाचा? म्हणून शिकवताना मी वर्तुळ काढायला लावतो. शेवटची खात्रीची जागा कुठली होती, तिथपासून किती अंतर कापलं, त्याच्या दहा टक्के त्रिज्येचं वर्तुळ आजच्या अंदाजित जागेभोवती. वाऱ्याचा भरवसा नसेल तर वीस टक्के. ५०० किलोमीटर समुद्र ढगात पार करून आलात तर वर्तुळ १०० किलोमीटरचं. ते व्वारोंभोवती काढून पाहा: पूर्वेची कड माँ ब्लाँच्या अगदी उंबरठ्याशी जाते, आणि आग्नेयेला ४,१०२ मीटरचा एक्राँचा डोंगर तर पूर्ण आत येतो. आता किमान उंची त्या वर्तुळातल्या किंवा त्याच्या कडेला लागून असलेल्या सर्वोच्च टोकावरून ठरवायची: ४,८०७ अधिक ६००, म्हणजे ५,४०० मीटर. नवी, दोन साधनांनी जुळलेली जागा मिळाली की वर्तुळ लहान करा, मग खाली या. उलट क्रमाने कधीच नाही. कॉन्स्टेलेशन ५,४०० मीटरवर आरामात उडू शकत होतं, केबिन दाबानुकूलित होती. तिथे थांबायची किंमत होती ती उशीर, जास्त इंधन आणि कदाचित जिनेव्हा सोडून दुसरा विमानतळ.

तेव्हा वैमानिक दोषी का? मी तो शब्द वापरणार नाही. त्याने व्वारोंसाठी योग्य उंची ठेवली होती, लपवाछपवी नव्हती, जागाही कळवली होती. पण ती जागा दुसऱ्या कोणत्याही साधनाने पडताळली गेली नाही किंवा पडताळता आली नाही, आणि त्या काळची व्यवस्था "खात्री नसेल तर वरच राहा" हे वैमानिकाच्या एकट्याच्या विवेकावर सोडत होती.

आज काय वेगळं आहे, हेही थोडक्यात. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डोंगरावर बोइंग ७२७ विमान आदळून ९२ जण गेले, त्यानंतर तिथे जमिनीचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. पहिली यंत्रं रेडिओ अल्टिमीटरने फक्त खाली पाहायची. उभा कडा समोरून आला तर इशारा मिळायचा तो शेवटच्या काही सेकंदांत. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ बोइंग ७५७ आदळलं, त्यातही यंत्र ओरडलं होतं, पण सुमारे बारा-तेरा सेकंद आधी, आणि चढताना स्पीडब्रेक, म्हणजे वेग रोखायला पंखांवर उघडणाऱ्या झडपा, मिटायचे राहून गेले. नंतरची यंत्रं उपग्रहावरून जागा घेतात आणि साठवलेल्या भूनकाशाशी ताडून समोरचा डोंगर मिनिटभर आधी दाखवतात. इशारा आला की वाद नाही: ऑटोपायलट काढा, पंख सपाट, पूर्ण ताकद, नाक वर, स्पीडब्रेक मिटलेत ना पाहा, फ्लॅप आणि चाकांना हात लावू नका, आणि सुरक्षित उंची येईपर्यंत चढत राहा. जागेबद्दलची चर्चा वर पोचल्यावर.

पण हे यंत्र शेवटची भिंत आहे. पहिली भिंत अजूनही कागदावरच्या जुन्या आकड्याची. वैमानिकाच्या नकाशावर प्रत्येक चौकटीत एक ठळक आकडा छापलेला असतो, त्या चौकटीतल्या सर्वात उंच टोकावर उंच डोंगरांसाठी २,००० फूट मिळवून काढलेला. माँ ब्लाँ असलेल्या चौकटीत हा हिशेब १७,८०० फुटांच्या आसपास येतो. तुम्ही चौकटीच्या कोणत्या कोपऱ्यात आहात हे तो आकडा विचारत नाही.